जर्दाळूला फुलं ढीगभर, फळं मूठभर, वर खोडातून डिंक

प्रश्न: आमच्या घरामागे जर्दाळूचं एक कलम आहे, लावून ६ वर्षं झाली. दरवर्षी फुलं इतकी येतात की फांदी दिसत नाही, पण फळं म्हणाल तर मूठभर, आणि त्यातली निम्मी झाडावरच तपकिरी होऊन सुकतात. पानांना बारीक गोल भोकं पडलीत, खोडातून डिंक गळतोय. दर महिन्याला खत घालतो, रोज पाणी देतो, गेल्या थंडीत चांगली दणकून छाटणीपण केली, तरी फरक शून्य. शेजारी म्हणतात जोडीला दुसरं झाड लावा, घरातले म्हणतात हेच तोडून टाका. आणि अजून एक, खाऊन झालेल्या जर्दाळूची बी लावली तर झाड येतं का?

उत्तर:

तोडू नका हो, आधी ते सांगते. ६ वर्षांचं झाड, फांदी दिसणार नाही इतकं फुलतंय, म्हणजे जीव आहे त्यात. तुमचं पत्र वाचून मला तर वाटलं की झाडाला जे जे देताय त्यातलं निम्मं बंद केलं तरच ते सुधारेल. महिन्याला खत, रोज पाणी, थंडीत कात्री, हे तिन्ही प्रेमापोटी चाललंय कळतंय मला, पण जर्दाळूला तिन्ही नकोयत.

आधी फुलांचं बघू, कारण जर्दाळूवाल्यांची सगळ्यात कॉमन तक्रार हीच असते.

हे झाड मुळात मध्य आशिया आणि चीनकडच्या कोरड्या भागातलं. तुर्कस्तानातलं मालात्या सुक्या जर्दाळूसाठी नावाजलेलं आहे ना, तिथलं हवामान असंच, कडक थंडी, मग छोटासा वसंत आणि त्यानंतर कोरडा ठणठणीत उन्हाळा. अशा ठिकाणी थंडी एकदा गेली की गेली, त्यामुळे थोडी ऊब लागली की लगेच फुलायचं हा हिशोब बरोबर बसतो. पण जिथे थंडी मधेच जाते आणि पुन्हा येते तिथे हीच सवय नडते. जर्दाळू म्हणजे दहाच्या गाडीला सहालाच स्टेशनवर जाऊन बसणारा माणूस. दोन आठवडे जरा ऊन पडलं की हे फुलून मोकळं आणि मग एका रात्री पारा खाली आला की सगळा बहर गेला. बंद कळी बरीच थंडी सोसते पण पूर्ण उमललेलं फूल उणे २-३ अंशांच्या आसपास मरायला लागतं, उणे ५-६ ला तर जवळजवळ सगळीच जातात, आणि नुकती धरलेली हिरवी फळं तर फुलांपेक्षाही नाजूक.

गंमत म्हणजे फूल मेलंय हे लांबून कळतच नाही. पाकळ्या छान पांढऱ्या-गुलाबी असतात, फोटोबिटो काढून होतात, आणि आत मधला स्त्रीकेसर, म्हणजे ज्याचं फळ होणार तोच भाग, काळा पडलेला असतो. म्हणून यंदा बहर आला की थंड रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी दुपारी वेगवेगळ्या फांद्यांवरची थोडी फुलं तोडायची, नखाने उभी चिरायची आणि मधे बघायचं. हिरवट असेल तर जिवंत, तपकिरी किंवा काळं असेल तर ते फूल गेलं. एवढं केलंत तरी तुमचा अर्धा गुंता सुटेल. मधलं काळं निघालं तर थंडीचा मार. मधलं हिरवं आहे तरी फूल देठासकट गळतंय, तर बहुतेक परागण झालं नाही. आणि कळ्या उमलायच्या आधीच टपाटप गळत असतील तर मामला वेगळा, झाडाला हिवाळ्यात पुरेशी थंडी मिळाली नाही किंवा थंडी फार वरखाली झाली. जर्दाळूला जातीप्रमाणे साधारण ३०० ते १००० तास ७ अंशांच्या खालची थंडी लागते, गोल्ड किस्टसारखी जात ३०० च्या आसपास भागवते, मूरपार्कला त्याच्या दुप्पट लागते. तुमच्याकडे बहर भरभरून उमलतोय म्हणजे थंडीच्या तासांचा प्रॉब्लेम नाही, ते डोक्यातून काढून टाका.

माझा संशय थंड रात्रींवरच आहे. उपाय फार हायफाय नाहीत. फुलं असताना रात्री पारा शून्याकडे जाणार असं दिसलं की संध्याकाळी झाडावर पातळ बागकामाचं कापड किंवा जुनी चादर टाकायची, ती थेट जमिनीपर्यंत आली पाहिजे कारण ऊब जमिनीतून वर येते आणि कापडाने ती अडवायची असते, नुसती टोपी घातल्यासारखं वरून टाकून काही होत नाही. कापड फुलांना चिकटू नये म्हणून चार बांबू लावा. प्लास्टिक नको, जिथे टेकतं तिथली फुलं आधी मरतात. सकाळी ऊन आलं की काढायचं म्हणजे काढायचं, नाहीतर मधमाश्या आत येणार कशा. आणि ही गोष्ट फार कमी लोक करतात, बहराच्या दिवसांत झाडाखालचं आच्छादन, म्हणजे पालापाचोळा, भुसा जे असेल ते, बाजूला सारून जमीन उघडी आणि ओलसर ठेवायची. ओली उघडी माती दिवसा ऊन साठवते आणि रात्री सोडते, आच्छादन असलं की ती ऊब खालीच अडकते. बहर संपला, थंड रात्री गेल्या की आच्छादन परत पसरा, उन्हाळ्यात ते पाहिजेच.

परागणाचं म्हणाल तर बहुतेक जर्दाळू स्वतःच्याच परागावर फळतात, म्हणून शेजाऱ्यांचा सल्ला वाईट नाही पण पहिला उपाय तो नाही. जातीचं नाव कुठे लिहून ठेवलंय का बघा. ब्लेनहाइम, मूरपार्क, टिल्टन, कॅटी यातलं काही असेल तर दुसऱ्या झाडाची गरज नाही. परफेक्शन किंवा रायव्हल निघालं तर मात्र जोडीदार हवा, तो पण जर्दाळूच आणि त्याच सुमारास फुलणारा. नाव माहीतच नसेल तर खर्च करायच्या आधी एक सोपा प्रयोग, रंगवायचा मऊ ब्रश घ्या आणि दुपारी कोरडी हवा असताना एका फांदीवरच्या फुलांवरून हलकेच फिरवा, ३-४ दिवस रोज. इतक्या लवकर फुलणाऱ्या झाडाकडे थंडीमुळे मधमाश्या फारशा फिरकत नाहीत, तेच खरं कारण असतं बऱ्याचदा. ब्रश फिरवलेल्या फांदीला फळं धरली आणि बाकीच्यांना नाही तर उत्तर मिळालं. दुसऱ्या जर्दाळूचे फुललेले तुरे कुणाकडून मिळाले तर पाण्याच्या बाटलीत घालून फांदीला टांगूनही बघता येतं.

आता डिंक. डिंक दिसला की लोक लगेच औषध शोधायला लागतात, पण डिंक हा रोग नव्हे, झाडाला कुठेतरी लागलंय एवढंच तो सांगतो, काय लागलंय ते आपण शोधायचं. चाकू घेऊन (आधी स्पिरिटने पुसून) डिंकाजवळ बसा आणि शांतपणे बघा. डिंक स्वच्छ पारदर्शक आहे आणि तिथे साल खरवडल्याची, गवत कापायच्या मशीनची, दोरी काचल्याची खूण आहे, तर विसरून जा, भरेल. डिंकात लाकडाचा भुसा मिसळलेला दिसतोय तर आत खोडकिडा आहे, भोक सापडलं तर बारीक तार आत घालून त्याला तिथेच संपवायचं. डिंकाजवळची साल किंचित खरवडली आणि खाली तपकिरी, ओलसर, आंबूस वास, तर बॅक्टेरियाचा कँकर, म्हणजे साल कुजवणारा रोग, तो भाग कोरड्या हवेत निरोगी सालीपर्यंत खरवडून काढायचा, फांदीवर असेल तर फांदीच खालून कापायची. आणि डिंक अगदी जमिनीलगत, बुंध्याशी साल काळपट आणि मऊ, तर ती मूळकूज, तिचं कारण पाणी.

रोज पाणी देताय म्हटल्यावर मी तरी हे चौथं सगळ्यात आधी तपासेन. जर्दाळूची मुळं ओल्या दलदलीत गुदमरतात. खोडाभोवती आळं करून त्यात पाणी भरून ठेवायची सवय असेल तर आजच बुंध्याजवळची माती ओढून बाजूला करा, बुंधा जमिनीपेक्षा उंच आणि कोरडा दिसला पाहिजे, कलमाची गाठ मातीच्या वर मोकळी पाहिजे. पाणी द्यायचं ते लांब, फांद्यांचा घेर जिथे संपतो त्याच्या आसपास गोल चर काढून, एकदाच भरपूर, म्हणजे दीड-दोन फूट खोल ओल जाईल इतकं, आणि मग थांबायचं. परत कधी? लांब स्क्रूड्रायव्हर किंवा सळई मातीत खुपसा, सहज वीतभर आत गेली आणि माती थंड ओली लागली तर नाही द्यायचं. हलक्या वाळूच्या जमिनीत आठवड्याने द्यावं लागेल, काळ्या चिकट जमिनीत उन्हाळ्यातसुद्धा दोन-तीन आठवडे चालतं. स्प्रिंकलर पानांवर उडत असेल तर तो वळवा, ते पुढच्या मुद्द्यात येतंच आहे.

फक्त एक करू नका, फळं काढून झाली की पाणी साफ बंद करणं. पुढच्या वर्षीच्या फुलकळ्या त्याच उन्हाळ्यात फळं काढल्यानंतर तयार होतात, त्यावेळी झाड तहानेने व्याकूळ राहिलं तर त्याचा हिशोब पुढच्या वर्षी होतो आणि तेव्हा कुणाच्या लक्षातही येत नाही की कारण मागचं आहे.

पानांची भोकं आणि तपकिरी सुकलेली फळं हे दोन वेगळे फंगस आहेत पण दोघांना ओल लागते. भोकांच्या कडेला लालसर-जांभळी रेघ दिसतेय का? आधी ठिपका, मग मधला भाग वाळून पडतो, भोक उरतं, फळांवर पण खरबरीत लाल ठिपके, असं असेल तर शॉट होल नावाचा रोग. किड्याने कुरतडलेलं भोक वेडंवाकडं असतं, त्याला अशी कडा नसते. दुसरा रोग ब्राऊन रॉट, त्यात फुलं तपकिरी होऊन फांदीलाच चिकटून राहतात, कोवळी फांदी सुकते, तिच्या बुडाशी डिंकाचा थेंब येतो, आणि पिकायला आलेलं फळ तपकिरी होऊन त्यावर करड्या पावडरीचे ठिपके येतात, शेवटी ते सुरकुतून झाडावरच लटकतं. ही लटकलेली सुकी फळं म्हणजे पुढच्या वर्षीच्या रोगाचं बियाणंच. स्प्रे नंतर, आधी ती सगळी काढा, एक ना एक, खाली पडलेलीही उचला, आणि घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नका कारण छोटा ढीग इतका तापतच नाही, पिशवीत बांधून कचऱ्यात. सुकलेल्या बारीक फांद्या जिवंत लाकडापर्यंत कापा.

मग स्प्रे. पानगळ झाली की तांब्याचं औषध, बोर्डो मिश्रण किंवा तयार कॉपर, एकदा पूर्ण झाड भिजेल असं, शॉट होलसाठी हीच मोक्याची वेळ, कारण हा फंगस कळ्यांवर आणि फांद्यांवर थंडी काढतो. कळ्या फुगायला लागल्या की अजून एकदा. ब्राऊन रॉटचा शिरकाव फुलांतून होतो, म्हणून बहराच्या दिवसांत पाऊस असेल तर त्यासाठी फळझाडांवर चालणारं बुरशीनाशक लेबलवर लिहिल्याप्रमाणेच, आणि फुलं असताना कीटकनाशक अजिबात मारायचं नाही, मधमाश्या मरतात आणि आपणच रडतो फळ नाही म्हणून. आणि गंधक मारू नका! इतर फळझाडांवर गंधक चालतं म्हणून लोक बिनधास्त मारतात, जर्दाळूला ते सोसत नाही, पानं भाजतात आणि गळतात. मिक्स पावडरच्या डब्यावर गंधक लिहिलंय का बघूनच घ्या.

छाटणीबद्दल आता जरा रागावूनच बोलते. थंडीत झाड झोपलेलं असताना कापायचं हा नियम सफरचंद-नासपतीचा, तो सगळीकडे उचलून लावतात. जर्दाळूला नको. ओल्या हवेत केलेल्या ताज्या कापातून युटायपा नावाचा फंगस शिरतो, पावसाच्या पाण्याबरोबर त्याचे बीजाणू येतात, आणि तो इतक्या सावकाश काम करतो की कळेपर्यंत दोन-तीन वर्षं गेलेली असतात. मग एखाद्या उन्हाळ्यात एक आख्खी फांदी एकदम वाळते, पानं गळत नाहीत, तशीच तपकिरी लटकून राहतात. असं दिसलं तर फांदी कापून काप बघा, लाकडात तपकिरी डाग दिसेल, तो डाग संपेपर्यंत आणि त्याच्याही वीतभर खाली कापायचं. म्हणून गेल्या थंडीत जिथे जिथे मोठे काप केलेत त्या जागांवर पुढची दोन वर्षं नजर ठेवा.

यापुढे छाटणी फळं काढून झाल्यावर, उन्हाळ्याच्या शेवटाकडे, पुढचे साधारण ६ आठवडे पाऊस येणार नाही अशा बेताने. आणि दणकून नाही. जर्दाळूची फळं गेल्या वर्षीच्या फांद्यांवर आणि आखूड बोटभर फळफांद्यांवर धरतात, या फळफांद्या ३ एक वर्षांत दमतात, म्हणून दरवर्षी जुन्या लाकडातला साधारण पाचवा हिस्सा काढून नव्या फुटव्यांना जागा द्यायची, मधे उजेड आणि वारा खेळेल अशी वाटी मोकळी ठेवायची, बास. तुम्ही दणकून कापलंत म्हणजे फळणाऱ्या फांद्याच काढल्यात आणि वर झाडाने चिडून सरळसोट फुटवे काढले असतील, हो ना? ते मुळाशी आलेत का वर आलेत बघा, कलमाच्या गाठीखालून आलेले खुंटाचे, म्हणजे ज्या झाडावर कलम बांधलंय त्याचे असतात, ते दिसले की लगेच काढायचे. मोठ्या कापांमुळे खोड उघडं पडलं असेल तर पाण्यात विरघळणारा पांढरा पेंट निम्मं पाणी घालून खोडाला लावा, उन्हाने साल तडकत नाही, तडकलेल्या सालीतच खोडकिडा आणि कँकर शिरतात.

खताचं थोडक्यात, महिन्याचं खत बंद. नत्र जास्त झालं की झाड लुसलुशीत पानं काढत बसतं, त्या कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो, फांद्या दाट होतात, आत ओल साठते, ब्राऊन रॉटला आयतंच मिळतं. वर्षातून एकदा, कळ्या फुटताना चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट घेरावर पसरा, खोडाला न चिकटवता. झाडाला अजून पाहिजे का हे त्यालाच विचारा, नव्या फांद्या वर्षाला दीड-दोन फूट वाढतायत तर काही नको. पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर ते नत्र कमी पडलं म्हणून नसतं, चुनखडीच्या किंवा पाणी साचणाऱ्या जमिनीत लोह मिळत नाही, तेव्हा चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, द्यायचं आणि पाण्याचा निचरा सुधारायचा.

यंदा जास्त फळं धरलीच (धरतील!) तर मोह आवरून विरळणी करा. फळ बोराएवढं झालं की दोन फळांत ५ ते ८ सेंटिमीटर अंतर ठेवून बाकीची काढून टाकायची. जिवावर येतं, माहितीये. पण फळाला फळ टेकलं की तिथे ओल राहते, ब्राऊन रॉट एकातून दुसऱ्यात जातो, शिवाय सगळी फळं ठेवली तर ती बारीक निघतात आणि झाड पुढच्या वर्षी रुसून बसतं. पिकायच्या सुमारास पाणी एकदम कमी-जास्त केलं की फळं तडकतात, आणि ३८-३९ अंशांच्या वरचं ऊन लागलं तर बाहेरून छान दिसणारं फळ आत बीभोवती तपकिरी मऊ होतं, तो रोग नाही, उन्हाचा चटका आहे, तेव्हा मुळाशी ओल आहे ना एवढं बघायचं. तोडताना हिरवा रंग पूर्ण गेला आणि बोटाने दाबल्यावर किंचित दबलं की तोडा, लवकर तोडलेलं घरात मऊ पडतं पण गोडी वाढत नाही.

दुसरं झाड लावायचंच ठरलं तर ज्या वाफ्यात टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटे होते तिथे नको, त्या पिकांचा मर रोग मातीत वर्षानुवर्षं राहतो आणि जर्दाळूच्या फांद्या मारतो. खोलगट जागाही नको, थंड हवा तिथेच येऊन साठते.

बीचं विचारलंत, तर झाड येतं पण कुठलं येईल ते सांगता येत नाही, आईबापासारखंच फळ येईल याची गॅरंटी नाही, आणि कलम ३-४ वर्षांत फळतं तिथे बीच्या झाडाची वाट त्याहून जास्त बघावी लागते. मजा म्हणून करायचं तर ताज्या पिकलेल्या फळाची घ्या, सुक्या जर्दाळूतली उगवेलच असं नाही. धुवून, ओलसर वाळूत पिशवीत घालून फ्रिजमध्ये दोन-तीन महिने ठेवा, कारण तिला हिवाळा झाल्यासारखं वाटलं पाहिजे, मग कुंडीत. कवच फोडून लावलीत तर लवकर उगवते, पण आतली बदामासारखी बी मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. तिच्यात अ‍ॅमिग्डालिन असतं, पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड तयार होतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये सांगितलं होतं की मोठ्या माणसानेसुद्धा एका वेळी अशा ३ छोट्या बियांपेक्षा जास्त खाल्ल्या तर सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते आणि लहान मुलाला एक छोटी बीसुद्धा जास्त. ‘औषधी कडू बदाम’ म्हणून कुणी खायला सांगितलं तरी खायची नाही, लावायची असेल तर लावा.

आत्ता झाडावर सुकी फळं लटकतायत ना, ती काढा आणि बुंध्याची माती मोकळी करा, या दोन गोष्टी याच आठवड्यात. डिंकाचा जवळून फोटो आणि खरवडल्यावर खाली काय रंग दिसला ते कळवा, मग कापायचं की नुसतं खरवडायचं ते ठरवू.